बादलीची कडी

फाल्गुनातल्या एका सकाळी, ऊन अजून कोवळं असताना, गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायला म्हणून उठलो आणि ओल्या शहाबादी फरशीवरून पाय सटकून थेट बादलीवरच पडलो. बादली आईच्या वेळची, लोखंडी, दोनदा बूड बदललेली. प्लास्टिकची असती तर तीच फुटली असती. ही मात्र जुन्या माणसांसारखी, स्वतःला काही होऊ न देणारी. तिचा काठ उजव्या काखेखाली वीतभर अंतरावर लागला आणि आत कुठेतरी वाळकी काटकी मोडावी तसा बारीकसा आवाज झाला. तो मी कानांनी ऐकला की हाडांनी, हे अजूनही नीट सांगता येत नाही. पाणी सगळं सांडलं. त्याचा ओघळ मोगऱ्याच्या कुंडीपर्यंत गेला, म्हणजे ज्या कामासाठी उठलो होतो ते थोडंफार झालंच म्हणायचं.

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, "आठवी. उजवीकडची." जन्मभर शाळेत शिकवल्यामुळे मला ते एखाद्या वर्गाचं नाव घेतल्यासारखं वाटलं. प्लास्टर घालावं लागेल का, असं विचारल्यावर ते हसले. "सर, हात मोडला तर गळ्यात बांधता येतो, पाय मोडला तर उशीवर ठेवता येतो. ही काम सोडून घरी बसणार आहे थोडीच! तुम्ही श्वास घेणार, ती हलणार." पूर्वी अशा वेळी छातीभोवती रुंद चिकटपट्ट्या आवळून बांधत. पण दुखू नये म्हणून माणूस उथळ श्वास घेऊ लागला की फुप्फुसांच्या तळाशी कफ साठतो आणि न्यूमोनिया गाठतो, म्हणून ती रीत मागे पडली. आता उपाय एवढाच, की वेदनेवरची गोळी घ्यायची आणि तासातासाला दहा वेळा, दुखलं तरी, खोल श्वास घ्यायचा. खोकला किंवा शिंक आलीच तर उशी छातीशी घट्ट धरायची. सहा आठवडे. मोडलेल्या हाडाला विश्रांतीऐवजी व्यायाम सांगितलेला मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

मला छाती आहे हे मला ठाऊक होतं. ती हलते हे ठाऊक नव्हतं. म्हणजे ठाऊक असतं तसं ठाऊक होतं, पृथ्वी फिरते हे जसं आपल्याला ठाऊक असतं. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत खुंटीला टांगलेला एक सापळा होता, खिडकी उघडी राहिली की त्याची हाडं खुळखुळत. त्याच्या बरगड्यांकडे बोट दाखवून विज्ञानाचे सर 'छातीचा पिंजरा' म्हणत आणि मुलं वहीत तसंच लिहून घेत. पिंजरा हा शब्दच मुळी फसवा. प्राणाला पाखरू म्हणायची आपली जुनी सवय, तेव्हा त्याच्या भोवतीच्या हाडांना पिंजरा म्हणणं ओघानंच आलं. पण आतल्या पाखराच्या जोडीनं स्वतःही पंख हलवणारा पिंजरा कुणी पाहिला आहे? त्या सहा आठवड्यांत माझ्या लक्षात आलं, की माझ्या अंगात जर काही पंखासारखं असेल तर ते हेच. कुशीवर वळताना ते कळे, रिक्षा खड्ड्यातून गेली की कळे, आणि हसताना तर फारच कळे. घरात पु. लं.ची ध्वनिफीत लावायची नाही असा ठरावच झाला होता. शेजारचे गृहस्थ सहानुभूतीनं भेटायला येत आणि सवयीनं एखादा विनोद करत, मग मी दोन्ही हातांनी उशी कवटाळून डोळ्यांत पाणी आणून हसत असे, आणि ते बिचारे माझं दुःख पाहून ओशाळत.

रात्री झोप लागत नसे तेव्हा श्वास मोजत बसायचो. मिनिटाला पंधराच्या आसपास. पंधरा म्हणजे दिवसाला २१,६००, आणि हा आकडा ओळखीचा निघाला. लहानपणी आजोबा दासबोध वाचत, त्यात सतराव्या दशकात अजपाचं निरूपण आहे. न जपता आपोआप घडणारा जप, श्वासाचा, दिवसाकाठी एकवीस हजार सहाशे. समर्थांच्याही आधीपासून, योगाच्या जुन्या ग्रंथांत, हाच हिशेब चालत आला आहे. कुणीतरी कधीतरी घटिकापात्राशेजारी बसून एखाद्या निजलेल्या माणसाची छाती मोजली असेल का, हा विचार मला त्या रात्री फार जवळचा वाटला. एका शांत श्वासात अर्धा लिटर हवा, दुधाच्या एका पिशवीएवढी. तेव्हा दिवसभरात दहा हजार लिटरच्या वर, म्हणजे उन्हाळ्यात आमच्या गल्लीत येतो तो पाण्याचा अख्खा टँकर. हे सगळं उचलणारी ती चोवीस हाडं, आणि त्यातलं एक मोडकं.

भाची फिजिओथेरपी शिकते. ती आली, माझ्या मागे बसली आणि दोन्ही बाजूंनी बरगड्यांवर तिनं तळहात टेकवले. "मामा, आता माझे हात बाहेर ढकल. खांदे वर नको. पोट फुगवू नकोस. बाजूला, बाजूला." बाजूला श्वास घ्यायचा असतो हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मी प्रयत्न केला आणि तिचे हात, जेमतेम बोटाच्या पेराएवढे, एकमेकांपासून दूर गेले. मला इतका आनंद झाला की मी हसलो, आणि हसल्याचा पश्चात्तापही लगेच झाला. मग तिनं वहीत काढून दाखवलं. प्रत्येक बरगडी पाठीच्या कण्यापासून निघते ती आडवी जात नाही, पुढे येता येता खाली उतरते. ही उतरणच महत्त्वाची. उतरतं काही मागच्या टोकाला धरून वर उचललं की ते आपोआप लांब जातं, पुढे आणि बाहेर. वरच्या बरगड्या छातीच्या मधल्या हाडाला पुढे-वर उचलतात, त्याला तिच्या पुस्तकात 'पंप हँडल' म्हणतात. खालच्या बाजूंना फाकतात, ते 'बकेट हँडल'. खरं तर दोन्ही चाली थोड्याथोड्या सगळ्याच चालतात, वर एक जास्त, खाली दुसरी. "आणि तुझी आठवी," ती म्हणाली, "ही बकेट हँडलवाली."

मी गॅलरीत गेलो. बादली कोपऱ्यात पालथी ठेवलेली होती, ती सरळ केली. कडी एका बाजूला पडून बादलीच्या अंगाला टेकलेली होती. तिला दोन बोटांनी हळूच वर उचललं. उचलताना ती आधी बादलीच्या पोटापासून लांब लांब गेली, मग वर आली. सोडली तशी परत अंगाला येऊन टेकली, बारीक किणकिणत. जिनं मोडली तिच्यावरच शिकायचं, असा तो योग. बराच वेळ मी ती कडी वरखाली करत उभा राहिलो असेन, कारण आतून हिनं विचारलं, "अहो, काय वाजवताय मघापासून?"

'पंप हँडल'चा हापसा मात्र आठवणीतच उरला आहे. आमचं गाव सोलापूरकडचं. १९७२ च्या दुष्काळात विहिरींचे तळ दिसले आणि त्यानंतर गावाच्या वेशीजवळ बोअर पडली, तिच्यावर हापसा बसला. पुढे देशभर खेडोपाडी गेलेला इंडिया मार्क टू हा हापसा मुळात सोलापुरात घडलेल्या पंपावरूनच बेतलेला. आम्हा पोरांना त्याचा अभिमान वगैरे काही नव्हता, दांड्याला लोंबकळायला मिळतं एवढंच कळे. पहिले दहा-बारा हापसे कोरडे जात, आतून नुसता सुस्कारा ऐकू येई, आणि मग खोल कुठूनतरी पाणी वर आलं की दांडा एकदम जड होई. पाणी आपण ढकलून वर आणतो असं मला वाटायचं. आपण खाली नळीत जागा करतो, पाणी आपणहून त्या जागेत शिरतं आणि मगच दट्ट्या ते वर उचलतो, हे पुष्कळ उशिरा समजलं. श्वासाचंही तसंच, हे आत्ता, साठी उलटल्यावर. हवा आत शिरते म्हणून छाती फुगते, हे मी जन्मभर धरून चाललो होतो, फुग्यासारखं. ते उलटं आहे. छाती रुंदावते म्हणून हवा आत येते. गावात दिवाळीनंतर घिसाडी येत, वडाखाली पाल ठोकून चामड्याचा भाता लावत; भाता उघडला की वारा आत येतो, वाऱ्यानं भाता उघडत नाही, हे त्या कळकट पोराला ठाऊक होतं, जो दिवसभर भात्याची दोरी ओढत बसे.

फुप्फुसांना बिचाऱ्यांना स्वतःहून फुगता येतच नाही. तशी ताकदच नाही त्यांच्यात, उलट सोडलं तर मिटून जाण्याचाच त्यांचा स्वभाव. ती बरगड्यांच्या मागोमाग जातात. का जातात? तर दोन पातळ पडदे, एक फुप्फुसाला लगटलेला, एक छातीच्या आतल्या भिंतीला, आणि मध्ये ओलाव्याचा नुसता थर. स्टीलचे ओले पेले एकात एक घालून ठेवले की सकाळी ते सुटता सुटत नाहीत. एकमेकांवर फिरतात, सरकतात, पण वेगळे व्हायला तयार नसतात. तसे. त्या फटीत बाहेरची हवा शिरली की मात्र नातं तुटतं आणि फुप्फुस आकसून बसतं. अठराव्या शतकात जर्मनीत हाम्बेर्गर आणि हाल्लर या दोन प्राध्यापकांचं या फटीवरून आणि बरगड्यांमधल्या स्नायूंवरून जोरदार भांडण झालं होतं. ते स्नायू दोन थरांत असतात, बाजेच्या विणीसारखे एकमेकांना तिरके छेद देणारे. हाम्बेर्गर म्हणे, बाहेरचे बरगड्या उचलतात, आतले उतरवतात. हाल्लर म्हणे, दोन्ही उचलतातच. फटीत हवा असते हे हाम्बेर्गरचं म्हणणं हाल्लरनं खोटं पाडलं. स्नायूंच्या बाबतीत हाम्बेर्गरचं पुष्कळसं खरं निघालं. एकेकानं अर्धा अर्धा डाव जिंकला. मला गंमत वाटते ती ही, की इतकी वर्षं ते एकमेकांवर संतापून जोरजोरात श्वास घेत होते, आणि दोघांच्याही बरगड्या वादाची पर्वा न करता आपलं काम बिनचूक करत होत्या.

हलणाऱ्या बरगड्या मी पहिल्यांदा पाहिल्या त्या वडिलांच्या. सकाळी गच्चीवर पंचा नेसून ते उड्डियान करीत. तरुणपणी लोणावळ्याला कैवल्यधामात महिनाभर राहून आले होते; तिथे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून आसनं आणि बंध क्ष-किरणांपुढे नि दाबमापकापुढे बसवून तपासले, याचं वडिलांना भारी अप्रूप. ते सगळा श्वास सोडून देत, गळा आवळत, हात मांड्यांवर रोवत, आणि मग श्वास न घेताच श्वास घेतल्यासारखी छाती उघडत. हवेला वाट नाही, जागा तर वाढलेली. मग पोटच आत खेचलं जाई, पार पाठीला टेकल्यासारखं, आणि बरगड्यांची कमान पोटावर छज्ज्यासारखी उभी राही. आम्ही भावंडं शेजारी उकिडवी बसून बरगड्या मोजत असू. कधी दहा भरत, कधी नऊ, बारा कधीच नाहीत. शेवटच्या दोन पुढे येऊन कशाला जोडलेल्याच नसतात, पाठीकडून निघून मधेच थांबतात, हे वडील श्वास आवरल्यावर सांगत, पण आम्हाला ते पटत नसे. हिशेब चुकल्यावर मोठी माणसं देतात त्यांतलंच एक स्पष्टीकरण वाटे.

पुढे पुष्कळ वर्षांनी, नव्वदीला टेकल्यावर, ते अंथरुणाला खिळले तेव्हा बरगड्या मोजायला उड्डियानाची गरज उरली नव्हती. दुपारी मी त्यांच्याजवळ बसे आणि पुस्तक उघडं ठेवून पानावरून नजर काढून त्यांच्या बंडीकडे बघे. बंडी हलली की पुढची ओळ वाचायची. वय वाढतं तशा बरगड्यांना पुढे जोडणाऱ्या कूर्चा कडक होत जातात, त्यांच्यात चुना भरतो, म्हणून म्हाताऱ्या माणसाला तेवढ्याच हवेसाठी जास्त कष्ट पडतात. हे आता वाचलं. तेव्हा फक्त एवढं दिसायचं, की छाती जवळजवळ स्थिर आणि पोट तेवढं वरखाली होतंय, तान्ह्या बाळाचं होतं तसं. बाळाच्या बरगड्या जवळपास आडव्या असतात, त्यांना उतरणच नसते, म्हणून उचलून काही लाभ नाही. सगळा भार श्वासपटलावर, म्हणजे छाती नि पोट यांमधल्या पडद्यावर. उतरण वाढत्या वयाबरोबर येते. एके दिवशी ते डोळे मिटलेलेच असताना म्हणाले, "किती भरल्या रे?" मला वाटलं झोपेत बोलताहेत. नंतर लक्षात आलं, आणि मी म्हणालो, "दहा." ते म्हणाले, "चुकलास."

श्वास घेणं हे काम आहे आणि सोडणं हे काम नाही, ही या साऱ्या प्रकरणातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. स्वस्थ बसलेल्या माणसाचे स्नायू बरगड्या उचलतात, मग नुसतं धरलेलं सोडतात. पिळलेल्या कूर्चा आणि ताणलेली फुप्फुसं आपापल्या ओढीनं जागेवर येतात. बादलीची कडी जशी. पण आजीला हे सोडणंच जमत नसे. तिला दमा होता. माजघरात कंदिलाच्या उजेडात ती मांडीवर दोन उशा घेऊन, कोपरं त्यांवर रोवून, पुढे वाकून बसलेली असे, गळ्याखालचा खळगा दर श्वासाला आत ओढला जाई आणि शिट्टीसारखा आवाज येई. कुणी धोतऱ्याच्या वाळक्या पानांचा धूर दे, कुणी पाठ चोळ. तिला हवा मिळत नाही असं आम्ही समजत होतो, म्हणून खिडक्या उघडत होतो. प्रत्यक्षात तिच्या आत हवा कोंडून भरलेली होती. आवळलेल्या नळ्यांतून जुनी हवा बाहेर पडत नव्हती, बरगड्या आधीच वर उचललेल्या, आणखी उचलायला जागाच शिल्लक नाही. सोडता येत नव्हतं म्हणून घेता येत नव्हतं. आजीला घरातलंही काही टाकवत नसे, फुटक्या बरणीचं झाकणसुद्धा ती ट्रंकेत जपून ठेवी, हे मी इथे लिहिणार होतो. पण दम्याचा आणि ट्रंकेचा असा संबंध जोडणं ही लेखकाची वाईट खोड, आणि ज्या बाईनं त्या रात्री काढल्या तिच्यावर तो अन्यायही.

दम हा शब्द मराठीत दोन वाटांनी आला. एक फारसीतून, श्वास या अर्थाचा. दुसरा संस्कृतातून, शम-दमातला, आवरून धरण्याचा. इथे येऊन दोघं असे मिसळले की आई 'जरा दम धर' म्हणते तेव्हा ती श्वास घे म्हणते की स्वतःला आवर म्हणते, ते तिलाही सांगता येणार नाही. हुतुतूत दम घुमवत पलीकडच्या फळीत शिरायचं ते दोन्ही अर्थांनी. आणि गवयाचा दमसास तर दोन्हींच्या सांध्यावरच उभा. मैफलीत मी हल्ली गवयाच्या मानेकडे किंवा हातवाऱ्यांकडे न बघता त्याच्या झब्ब्याच्या बाजूंकडे बघतो. मुरलेला गायक श्वास घेताना खांदे उचलत नाही, बाजूंनी रुंद होतो, पुन्हा कडीच. आणि मग षड्जावर ठाकल्यावर बरगड्यांना एकदम पडू देत नाही. श्वास घेणारेच स्नायू, आता श्वास सोडतानाही, त्यांना धरून ठेवतात आणि अंगुळ अंगुळ उतरवतात, विहिरीत कळशी सोडताना हातातून दोर सरकू द्यावा तसं. आपल्याला जो सूर ऐकू येतो तो त्या आवरलेल्या उतरणीचा. मला स्वतःला गाता येत नाही. त्या सहा आठवड्यांत तासातासाला दहा श्वास घेताना, सोडते वेळी मी हळूच 'सा' लावून पाहत असे, दार लोटून घेऊन.

सहावा आठवडा कधी संपला ते कॅलेंडर सांगतं, बरगडी नाही. दुखणं एका दिवशी थांबलं असं झालंच नाही. बिऱ्हाड सोडून जाणाऱ्या माणसानं रोज एकेक चीज हलवत राहावं, तसं ते गेलं. वैशाखातल्या एका दुपारी स्वयंपाकघरात सुक्या मिरचीची फोडणी पडली, ठसका घरभर पसरला, आणि मला शिंक येणार हे कळलं. सवयीनं उशी ओढून छातीशी आवळली, डोळे मिटले, आणि वाट पाहिली. शिंक आली. सणसणीत आली. खिडकीवरचं कबुतर उडालं. आत काहीच झालं नाही.

"दुखली का हो?" आतून हिनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो, आणि उशी तशीच धरून बसून राहिलो. मग उजवा हात काखेखाली वीतभर अंतरावर ठेवला. तिथे एक बारीकशी गाठ लागते, हाड सांधलेल्या जागेवरची, आणि हात थोडा वेळ न हलवता ठेवला तर ती बाहेर येते नि परत जाते. पण हात ठेवावा लागतो.